समुपदेशनात ‘असो’ म्हणालात, तिथंच थांबा

प्रश्न: मी ३६ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. चिडचिड, झोप न लागणं आणि रविवारी संध्याकाळपासून छातीत येणारा दाब, यासाठी तीन महिन्यांपासून समुपदेशकाकडे जातोय. नऊ सेशन्स झाली. मॅडम चांगल्या आहेत, शांतपणे ऐकून घेतात. बाहेर पडताना हलकं वाटतं, पण दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. दर वेळचे दीड हजार रुपये काढणं आम्हाला सोपं नाही. माझंच काही चुकतंय का? समुपदेशक बदलू का? आणि घरी आल्यावर बायको दर वेळी विचारते, ‘काय बोललात?’ तिला काय सांगायचं?

उत्तर: बाहेर पडताना वाटणारं हलकेपण खरं आहे, त्याला कमी लेखू नका. महिनोन्‌महिने कोंडलेलं कुणीतरी मध्ये न बोलता ऐकून घेतलं की ओझं उतरतंच. पण बुधवारी सकाळी साहेबांचा मेल आला की तुमचं डोकं ज्या वाटेने धावतं, ती वाट तेवढ्याने बदलत नाही. त्यासाठी सेशनमध्ये वेगळं काही करावं लागतं आणि त्यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे. समुपदेशक म्हणून समोरच्या खुर्चीत बसून २२ वर्षं मी हे पाहत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्याआधी एक काम उरकून घ्या. छातीतला दाब तुम्ही फॅमिली डॉक्टरांना दाखवलाय का? नसेल तर ईसीजी, रक्तदाब आणि थायरॉईडची तपासणी या आठवड्यात करा. ती ठीक निघेल अशीच शक्यता जास्त, पण मनाचं आहे असं गृहीत धरून शरीराचं राहून गेलं, असं होऊ देऊ नये.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही सेशनमध्ये आठवड्याचा गोषवारा सांगत असणार, असा माझा अंदाज आहे. बहुतेक सगळेच सांगतात. ‘या आठवड्यात ऑफिसात खूप टेन्शन होतं, घरी पण चिडचिड झाली, आईशी फोनवर थोडं वाजलं, असो, आता बरंय.’ सात दिवस एका दमात संपतात. हा ‘असो’ मी इतक्या वर्षांत हजारो वेळा ऐकलाय. गप्पांमध्ये तो सभ्य शब्द आहे, समोरच्याला फार त्रास द्यायचा नाही म्हणून आपण तो वापरतो. समुपदेशनात मात्र तो झाकणासारखा काम करतो. माणूस ‘असो’ म्हणतो तेव्हा त्याच्या आधीच्या चार शब्दांत बहुधा खरं दुखणं असतं आणि तिथून त्याला पटकन निघायचं असतं.

एक प्रसंग सांगते. त्या बाईंची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नोकरी करणाऱ्या, दोन मुलांची आई. पाच आठवडे त्या येऊन सांगत होत्या, ‘नवऱ्याशी वाजतं हो सारखं. असो.’ पाचही वेळा आम्ही संसार, संवाद, जबाबदाऱ्यांची वाटणी यावर बोललो आणि त्याही हलक्या होऊन गेल्या. सहाव्या वेळी मी विचारलं, ‘शेवटचं कधी वाजलं? तुम्ही कुठे उभ्या होतात?’ त्या थोड्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, ओट्यापाशी. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. नवरा आत डोकावून म्हणाला, ‘आज पण खिचडीच?’ यांनी उत्तर दिलं नाही, गॅस बंद केला. तिसरी शिट्टी होऊच दिली नाही. डाळ कच्ची राहिली. सगळ्यांनी ती खिचडी गुपचूप खाल्ली, यांनीही. रात्री भांडी घासताना मनात एक वाक्य आलं होतं, ‘मला कुणाकडे काही मागायचंच नाही.’

पाच आठवडे ‘वाजतं’ या शब्दाखाली हे वाक्य दडलेलं होतं. पुढचे दोन महिने आम्ही त्याच एका वाक्यावर काम केलं. न मागता समोरच्याने ओळखावं ही अपेक्षा, त्याने ओळखलं नाही की स्वतःलाच शिक्षा करणं, आणि मग मागणं हाच कमीपणा वाटू लागणं, असा तो सगळा गुंता होता. पहिला गृहपाठ होता, आठवड्यात एकदा ‘आज स्वयंपाक तू कर’ हे वाक्य चेहऱ्यावर राग न आणता म्हणायचं. त्यांना ते म्हणायला तीन आठवडे लागले.

त्यांच्या वाक्यातला ‘च’ पुन्हा बघा. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडायला सुरुवात केली, तिला आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. तिचं सार असं, की घटना आणि आपला त्रास यांच्या मध्ये आपली एक धारणा उभी असते आणि त्रासाचं बळ त्या धारणेतून येतं. ज्या धारणा माणसाला पोळतात त्या बहुतेक वेळा हट्टाच्या असतात. मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो. ‘माझ्या कामाची दखल घेतलीच पाहिजे’, ‘मला जमायलाच हवं’, ‘असं व्हायलाच नको होतं’. तुमच्या रविवार संध्याकाळच्या विचारांत ‘च’ कुठे येतो, एवढं एक जरी टिपून नेलंत तरी तुमच्या मॅडमना पकडायला धागा मिळेल, मग त्या कुठल्याही पद्धतीने काम करत असोत.

म्हणून पुढच्या सेशनला आठवडा नेऊ नका, एक प्रसंग न्या. फार मोठा नको, भांडणच असायला हवं असंही नाही. कुठला वार, किती वाजले होते, तुम्ही कुठे होतात, समोरचा नेमकं काय म्हणाला (त्याच्याच शब्दांत, ‘तो मला घालूनपाडून बोलला’ असं नको), तुमच्या अंगात कुठे काय झालं, मनात उमटलेलं पहिलं वाक्य कोणतं, आणि मग तुम्ही काय केलंत. हे त्याच दिवशी मोबाईलमध्ये चार ओळींत लिहून ठेवा. दोन दिवस गेले की मन त्याचा गोषवारा करून टाकतं आणि पहिलं वाक्य तर सगळ्यात आधी पुसलं जातं. उलट, काही जण दहा पानं लिहून आणतात आणि वाचून दाखवतात. तेही नको. त्यात सेशनचा वेळ जातो आणि लिहिलेल्यात आधीच सगळं नीटनेटकं झालेलं असतं.

शब्दांबद्दल थोडं बोलू दे, कारण मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हल्ली माझ्याकडे येणारी बरीच मंडळी पहिल्या मिनिटालाच ‘मला अँग्झायटी आहे’, ‘घरचं वातावरण टॉक्सिक आहे’, ‘मी ओव्हरथिंकिंग करतो’ असं सांगतात. हे शब्द वाईट नाहीत. त्यांच्यामुळे कित्येक जण माझ्या दारापर्यंत आले. पण ते तयार कपड्यांसारखे असतात, सगळ्यांना थोडे थोडे बसतात, नेमके कुणालाच नाही. आपला ‘टेन्शन’ तर कशालाही चालतो. पोराच्या परीक्षेचं टेन्शन, हप्त्याचं टेन्शन, सासऱ्यांच्या ऑपरेशनचं टेन्शन. अशा वेळी मी म्हणते, हे घरी आईला सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतं? मग खरे शब्द येतात. धास्ती, घालमेल, तगमग, हुरहुर, कोंडमारा, उबग, वैताग, खंत, सल. यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. धास्ती पुढच्या गोष्टीची असते, खंत मागची. कोंडमारा म्हटला की बोलू न देणारं कुणीतरी त्यात आहेच. सल म्हणजे एकच जागा आहे आणि ती कुठे आहे हे माणसाला पक्कं माहीत आहे.

तुमचा रविवार संध्याकाळचा दाब यातला कुठला? धास्ती असेल तर सोमवारी नेमकं काय घडण्याची भीती आहे ते शोधून तिला थोडं थोडं सामोरं जाण्याचं काम करावं लागेल. उबग असेल तर प्रश्नच वेगळा, मग नोकरीबद्दल, आयुष्याच्या या टप्प्याबद्दल बोलावं लागेल. कोंडमारा असेल तर कुणाला काय सांगायचं राहिलंय ते बघावं लागेल. तिन्ही वेळा छातीत सारखाच दाब येईल. ‘अँग्झायटी’ म्हणून सांगितलंत तर तिन्हींवर एकच उपाय सुचेल. तुमची घरची बोली कोल्हापुरी असो, वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी, दुखऱ्या जागेबद्दल त्याच बोलीत बोला. समोरच्या बाई प्रमाण मराठी किंवा इंग्रजीत बोलत असल्या तरी बोला. एखादा शब्द त्यांना नाही कळला तर त्या विचारतील, आणि तो समजावताना तुम्हालाच तो नव्याने कळेल.

आता जरा अवघड गोष्ट. तुम्ही लिहिलंत, ‘मॅडम चांगल्या आहेत.’ मग त्यांची कुठली गोष्ट तुम्हाला पटली नाही? नऊ सेशन्समध्ये असं एकदाही झालं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. पण आपण वाढतो ते शिक्षकांना, डॉक्टरांना, वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही हे शिकत. म्हणून समुपदेशकासमोरही मान हलते. ‘हो मॅडम, बरोबर आहे. प्रयत्न करतो.’ आणि बाहेर आल्यावर मन म्हणतं, यांना काय कळणार माझं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. एक तरुण मुलगा सहा सेशन्स येऊन थांबला. माझ्या नोंदवहीत शेवटच्या पानावर ‘चांगली प्रगती’ असं लिहिलेलं होतं. दीड वर्षाने तो परत आला आणि त्याने सांगितलं, की सहाव्या सेशनला मी म्हटलं होतं, ‘एकदा वडिलांच्या जागी उभं राहून बघ.’ त्याला ते ऐकताना वाटलं, म्हणजे ह्याही त्यांच्याच बाजूच्या. तेव्हा तो ‘हो, बघतो’ म्हणाला होता आणि मला ते होकारासारखं वाटलं. त्याची दीड वर्षं गेली, हे मला आजही लागतं. तेव्हापासून मी दर तिसऱ्या सेशनला थेट विचारते, माझं काय बोललेलं लागलं, काय उपयोगी पडलं नाही. यामागे अभ्यासाचाही आधार आहे. मायकेल लॅम्बर्ट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिलं, की कुणाची गाडी घसरते आहे हे थेरपिस्टला स्वतःच्या अंदाजाने ओळखणं फार कठीण जातं, आणि येणाऱ्या माणसाकडून नियमित प्रतिसाद मिळत राहिला तर बिघडत चाललेल्यांचं प्रमाण कमी होतं. थोडक्यात, तुम्ही सांगितलं नाही तर आम्हाला कळत नाही. आम्ही मनकवडे नसतो.

कसं सांगायचं? पाहुण्याला चहा आवडला नाही हे सांगण्याइतकं ते आपल्याला जड जातं, म्हणून वाक्य आधीच ठरवून जा. ‘मॅडम, मागच्या वेळी तुम्ही आईबद्दल म्हणालात ते मला लागलं. मी तेव्हा बोललो नाही.’ किंवा, ‘मी हो म्हणालो होतो, पण घरी गेल्यावर पटलं नाही.’ किंवा, ‘मला इथून निघताना हलकं वाटतं, पण ते टिकत नाही. आपण काही वेगळं करू शकतो का?’ हे शेवटचं वाक्य तुम्ही मला लिहिलंय. ते त्यांना सांगायला हवं होतं. समोरून येणाऱ्या उत्तरावरून तुम्हाला बरंच कळेल. चांगला समुपदेशक थोडा थांबेल, विचारेल, स्वतःचं चुकलं असेल तर मान्य करेल. आणि मनात आलेलं समोरच्याला सांगितलं, तरी नातं तुटलं नाही, हा अनुभव अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत मिळतो. साहेबांशी बोलायची तयारी तिथूनच सुरू होते.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले, ते आजही मी नव्या मुलामुलींना शिकवते. कुठे जायचंय यावर एकमत, तिथे जायला काय करायचंय यावर एकमत, आणि एकमेकांबद्दलचा विश्वास. तुमच्याकडे तिसरा भाग दिसतोय. पहिले दोन? नऊ सेशन्सनंतर तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं का, की तुम्ही दोघं कशावर काम करताय? येत नसेल तर तुमचं हलकेपण दोन दिवसांत का विरतं याचं मोठं कारण बहुधा तिथे आहे. ‘चिडचिड कमी व्हावी’ हे ध्येय म्हणून फार धूसर आहे. ‘मुलीचा अभ्यास घेताना आवाज चढायला लागला की मला उठून गॅलरीत जाता यावं’, ‘रविवारी अकराला आडवा झालो तर बाराच्या आत झोप लागावी’, हे चालेल, कारण ते झालं की नाही हे तुम्हाला रविवारीच कळेल. ‘साहेब सुधारावेत’ हे मात्र नाही चालणार. ते त्या खोलीत येत नाहीत.

‘जाता जाता एक सांगायचं होतं’ हे वाक्यही माझ्या ओळखीचं आहे. पंचेचाळीस मिनिटं ऑफिसबद्दल बोलून, चप्पल घालताना माणूस सांगतो की पंधरा लाखांचं कर्ज आहे आणि घरी माहीत नाही. किंवा रोज दोन पेग होतात. किंवा मुलावर हात उचलला. किंवा नवरा-बायकोत वर्षभर जवळीक नाही. शेवटी सांगण्यामागे मनाचा हिशेब असतो, आता यावर प्रश्न विचारायला वेळच उरला नाही. तो हिशेब समजू शकते, पण त्यामुळे खरा विषय आठ आठ दिवस पुढे ढकलला जातो. तुमच्याकडे असं काही असेल तर पहिल्या पाच मिनिटांत फक्त इतकं म्हणा, ‘एक गोष्ट आहे, सांगायची लाज वाटते. आज सांगेन असं नाही.’ बस. काय आहे ते नका सांगू. ती गोष्ट का सांगवत नाही यावर बोललात तरी सेशन सत्कारणी लागतं. अनेकदा वीस मिनिटांनी ती आपसूक बाहेर येते.

मरणाचे विचार येत असतील तर मात्र थांबू नका, पहिल्याच वाक्यात सांगा. असं सांगितलं की लगेच कुठेतरी भरती करतील किंवा पोलिसांत कळवतील, या भीतीने लोक गप्प बसतात. नुसतं सांगितल्याने तसं होत नाही. समुपदेशक आधी विचारतो, विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, जवळ साधन आहे का, आणि त्यावरून तुमच्यासोबत सुरक्षिततेची आखणी करतो. जिवाला धोका असेल तर घरच्या एका माणसाला सामील करून घ्यावं लागतं, ही गोपनीयतेची मर्यादा आहे आणि ती तुम्हाला आधी सांगितली जायला हवी. एरवी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा ‘टेली मानस’ क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत आणि मराठीतही.

आठवड्याचे १६८ तास. त्यातला एक तुम्ही खुर्चीत बसता. उरलेल्या तासांत काही हललं नाही तर तो एक तास कितीही चांगला गेला तरी पुरणार कसा? याचं मला भावलेलं उदाहरण आपल्या शेजारचं, गोव्यातलं आहे. तिथे ‘संगथ’ या संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांसोबत प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. आधी मानसोपचाराचं कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांसोबत सहा ते आठ सेशन्स घेतली. त्या सेशन्सचा गाभा अगदी साधा होता. नैराश्यात माणूस ज्या गोष्टी सोडून देतो, त्यातल्या लहान लहान गोष्टी ठरवून पुन्हा सुरू करायच्या, आणि करून काय वाटलं ते पुढच्या वेळी बोलायचं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिलेल्या गटातले ३९ टक्के. ते समुपदेशक मानसोपचारातले पदवीधर नव्हते. खोलीतलं बोलणं आणि खोलीबाहेरचं करणं त्यांनी जोडून ठेवलं होतं.

तुमच्या मॅडम गृहपाठ देत नसतील तर मागा. देत असतील आणि होत नसेल तर ‘वेळ मिळाला नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. पाच मिनिटांचं काम सात दिवसांत झालं नाही, तर कुठेतरी काहीतरी अडलं. करायला बसलात तेव्हा मनात काय आलं? ‘याने काय होणार’, ‘चुकलं तर’, ‘मी काय शाळेत आहे का’, यातलं काय? जे आलं ते सांगा. न झालेल्या गृहपाठावर माझी काही उत्तम सेशन्स झाली आहेत.

झोपेसाठी नोंद ठेवाच. किती वाजता आडवा झालो, अंदाजे किती वाजता झोप लागली, किती वाजता उठलो, रोज एक ओळ. न येणाऱ्या झोपेसाठी विचार आणि वर्तन यांवर काम करणारी खास उपचारपद्धती आहे, ती बऱ्यापैकी लवकर गुण देते. त्यात रोज, रविवारीसुद्धा, एकाच वेळी उठणं हे मोठं पथ्य असतं. याबद्दल मॅडमना विचारा.

सेशन संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नका, ऑफिसचा कॉल तर त्यानंतर अर्धा तास नकोच. पार्किंगमध्ये किंवा कोपऱ्यावरच्या टपरीवर दहा मिनिटं बसा आणि तीन ओळी लिहा. काय लागलं, काय पटलं, काय पटलं नाही. तिसरी ओळ रिकामी राहत असेल तर वर लिहिलेलं पुन्हा वाचा. ऑनलाइन असाल तर जागा आधी ठरवा. वन बीएचकेमध्ये भिंतीपलीकडे आई बसलेली असताना आईबद्दल कुणी खरं बोलत नाही. माझी बरीच मंडळी सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीत बसून बोलतात आणि ते छान चालतं.

आता दुसरा प्रश्न, समुपदेशक बदलू का. १९८६ मध्ये केनेथ हॉवर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत आधीच्या तीस वर्षांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. साधारण आठ सेशन्सपर्यंत निम्म्या लोकांमध्ये मोजता येईल अशी सुधारणा दिसते आणि २६ पर्यंत ७५ टक्के लोकांमध्ये, असं त्यांना आढळलं. त्यामुळे नऊ सेशन्सवर काहीच टिकत नाही म्हणून सोडून जायची घाई नको, पण गप्प बसून दहावं, अकरावं, बारावं तसंच करायचीही वेळ नाही. दहावं सेशन थांबून हिशेब करण्यासाठी ठेवा. सुरुवातीला त्यांनी तुमच्याकडून एखादी प्रश्नावली भरून घेतली असेल, तर तीच पुन्हा भरायला मागा आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. नसेल घेतली तर झोपेची नोंद आणि ‘या आठवड्यात किती वेळा आवाज चढला’ एवढंही पुरतं. वरची चर्चा करून, एकच ठरावीक काम हातात घेऊन आणखी चार सेशन्स द्या. तरी जैसे थे असेल तर बदला, मनात अपराधीपण न ठेवता. त्यांनाच विचारा, ‘माझ्या त्रासासाठी तुम्ही कुणाचं नाव सुचवाल?’ चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

काही बाबतींत मात्र चार सेशन्स थांबायचीही गरज नाही. समुपदेशक स्वतःच्याच संसाराच्या गोष्टी सांगत बसत असेल, दुसऱ्या रुग्णाची ओळख लागेल असं बोलत असेल, तुम्हाला न विचारता घरच्यांना काही कळवत असेल, मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली गोळी परस्पर बंद करायला सांगत असेल, किंवा अंगाशी, पैशाशी नको ती जवळीक करत असेल, तर त्याच दिवशी उठून या. आपल्याकडे ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावू शकतो, ही दुःखाची गोष्ट आहे. शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, अवघड केसबद्दल स्वतः कुणाचं मार्गदर्शन घेता का, हे विचारणं तुमचा अधिकार आहे.

पैशांचं ओझं होतंय हेही त्यांना सांगा. लोक फी परवडत नाही म्हणून न सांगता यायचे थांबतात, आणि आम्ही तिकडे वाट बघत बसतो. एक आड एक आठवडा, किंवा कमी फी, असा मार्ग बऱ्याच वेळा निघतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांतही ही सेवा मिळते.

राहिल्या तुमच्या पत्नी. ‘काय बोललात?’ या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो, ‘माझ्याबद्दल बोललात का?’ आणि त्याच्याही खाली, ‘मी कमी पडले का?’ त्याला ‘काही नाही, असंच’ असं उत्तर मिळालं की त्यांची धास्ती वाढते. तुम्ही आत काय बोललात ते शब्दाशब्दाने सांगायला बांधील नाही आणि सांगूही नका, नाहीतर पुढच्या वेळी आत बोलताना घरचा कान सोबत येईल. पण कशावर काम चाललंय ते सांगा. ‘रविवार संध्याकाळपासून मला जे होतं ना, त्यावर बोलतोय. तुझा विषय निघाला होता, पण तुझी तक्रार नव्हती.’ हे खरं असेल तरच म्हणा. तक्रार असेल तर ‘तुझ्याशी एक बोलायचंय, पण मला आधी नीट मांडता यायला हवं, थोडे दिवस दे’ असं म्हटलेलं बरं. आणि त्यांना एक नेमकं काम द्या. काळजी करणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी असलं की ते प्रश्न कमी विचारतात. रविवारी सहाच्या सुमारास तुम्ही गप्प झालात की ‘काय झालं?’ असं न विचारता त्यांनी फक्त चहा टाकून गॅलरीत हाक मारावी, एवढंच सांगून बघा. मग तिथं बसल्यावर छातीतला दाब वाढला की उतरला, त्या काय म्हणाल्या, तुमच्या मनात पहिलं काय आलं, ते त्याच रात्री मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि पुढच्या सेशनला तेवढंच घेऊन जा.